कळी कुठे आहे?

सहावीच्या वहीत मी लिहिले होते, ‘गुलाबाच्या फांदीला एकेका ठिकाणी पाच पाने येतात.’ शेजारी चित्रही काढले होते, शिरांसकट. बाईंनी त्यावर चूक की बरोबर काहीच लिहिले नाही. वाक्याखाली शिसपेन्सिलीने एवढेच विचारले होते: ‘कळी कुठे आहे?’

मला वाटले, फुलाची कळी काढायची राहिली. दुसऱ्या दिवशी फांदी घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले, तर त्यांनी भिंग हातात दिले आणि म्हणाल्या, “बघ तूच.” पाचांपैकी एकाही पानाच्या बुडाशी काही नव्हते. पण ज्या देठावर ती पाचही होती, तो देठ खोडाला चिकटला होता तिथल्या बेचक्यात मोहरीएवढा लालसर कोंब होता. तीच बाईंची कळी. म्हणजे ते सगळे मिळून एकच पान होते, पाच पर्णिकांचे संयुक्त पान. नवी फांदी फुटते ती पानाच्या बगलेतून. पर्णिकेच्या बगलेत कळी नसते. आजही अनोळखी झाडासमोर उभी राहिले की माझा हात आधी त्या बेचक्याशी जातो.

पुढे मी वनस्पतिशास्त्रच शिकले आणि आयुष्यभर शिकवले. शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिहायचे ठरल्यावर विज्ञानाच्या जुन्या वह्या काढून बसले. बाईंनी आम्हाला टिपणे कशी काढायला शिकवले, तेच सांगावेसे वाटते. आता शाळेत असलेल्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

बाई उतारे सांगून लिहून घेत नसत. शिकवताना पेन खाली ठेवायला लावत. तास संपायला दहा मिनिटे राहिली की म्हणत, “आता लिहा. पुस्तक बंद.” जे आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचे, न आठवेल तिथे जागा सोडायची. घरी जाऊन ती जागा पुस्तकात पाहून दुसऱ्या शाईने भरायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी वही उघडली की दुसऱ्या शाईचे शब्द आपोआप डोळ्यांत भरत. आपल्याला काय येत नव्हते ते तेच सांगत. पानाच्या डावीकडे चार बोटे जागा मोकळी असे, ती प्रश्नांसाठी. उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न लिहायचाच.

झाडांच्या नोंदीवर तारीख, जागा आणि वेळ हवीच. ‘गुलबक्षीची फुले मिटलेली’ असे मी लिहिले आणि मैत्रिणीने ‘उमललेली’. दोघींचेही खरे होते. मी सकाळी उशिरा पाहिली होती, तिने संध्याकाळी. वेळ नसती तर एकीची नोंद उगाच चुकीची ठरली असती.

आणि खोडरबर बंद! चुकले तर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. माझ्या वहीत भूछत्राची नोंद वनस्पतींमध्ये आहे, तीवर रेघ आहे, आणि पुढे लिहिले आहे: ‘हरितद्रव्य नाही. कवक.’ शास्त्रज्ञ व्हिटाकर यांनी 1969 मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच मोठे गट, मांडल्या आणि कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली, हे तेव्हा आम्हाला सांगितले गेले. चूक पुसली असती तर तो सगळा प्रवासच वहीतून गेला असता.

नववीत वर्गीकरणाचा धडा आला. थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा ही वनस्पतींच्या गटांची नावे घोकून आम्ही आलो होतो. बाईंनी नावे बाजूला ठेवली आणि पोस्टकार्डाएवढे जाड कागद वाटले. एका कार्डावर एकच वनस्पती. उंची, खोड, पान, मूळ, फूल, बी, जे पाहिले असेल तेवढेच लिहायचे. आठवड्याने चाळीसेक कार्डे जमली आणि प्रयोगशाळेच्या फरशीवर आम्ही ती मांडली.

आधी उंचीने: रोपटी, झुडपे, वृक्ष. बांबू ऐटीत वृक्षांत जाऊन बसला. मग बाई म्हणाल्या, “आता गोळा करा आणि फक्त पुंकेसर मोजून लावा.” पुंकेसर म्हणजे फुलातले पराग देणारे तंतू. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी अठराव्या शतकात पुंकेसरांवरून वनस्पतींचे 24 वर्ग केले होते, ते त्या दिवशी करून पाहिले. पुष्कळ कार्डे उरली, कारण फूलच पाहिले नव्हते. तिसऱ्या वेळी प्रश्न बदलले. बी आहे का? नसेल तर मूळ, खोड, पान वेगळे ओळखू येते का? पाणी वाहून नेणाऱ्या ऊती आहेत का? बी असेल तर ते फळात झाकलेले आहे की उघडे? झाकलेले असेल तर आत बीजपत्र, म्हणजे बियांतले पहिले पान, एक की दोन?

फरशीवर वाटा फुटत गेल्या. स्पायरोगायरा हे शेवाळ एकीकडे, मॉस दुसरीकडे, पानामागे बीजाणूंचे तपकिरी ठिपके घेऊन नेचे तिसरीकडे. सायकस आणि पाइन उघड्या बियांच्या वाटेला. बांबू वृक्षांतून निघाला आणि मक्याशेजारी, गवतांत येऊन बसला. कार्डे तीच होती, प्रश्न बदलला होता. मग बाईंनी फळ्यावर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आयश्लर यांचे 1883 चे वर्गीकरण लिहिले, आणि घोकलेल्या नावांना एकदम जागा मिळाली. लिनियसही उत्तरायुष्यात अशाच सुट्या कागदांवर नोंदी ठेवत, म्हणजे त्यांचा क्रम हवा तसा बदलता येई, हे मी कितीतरी वर्षांनी वाचले आणि मला ती फरशी आठवली.

माझे अळूचे कार्ड मात्र चुकीच्या वाटेला होते. जाळीदार शिरा बहुधा द्विबीजपत्रींत, म्हणजे दोन बीजपत्रांच्या गटात, दिसतात, म्हणून मी ते जास्वंदीच्या शेजारी तिथे ठेवले होते. बाईंनी विचारले, “मूळ पाहिलेस?” नव्हते पाहिले. उकरून पाहिले तर कंदाला तंतुमुळांचा झुबका, सोटमूळ कुठेच नाही. अळू एकबीजपत्री निघाला. शिरा ही ओळखायची खूण. गटाचे नाव बीजपत्रांवरून पडलेले. पुढे करांद्याचा वेल आणि घोटवेलही असेच जाळीदार शिरांचे एकबीजपत्री भेटले, पण तोवर मी एका खुणेवर थांबायचे सोडले होते.

त्या कार्डावर फुलापुढची ओळ कोरी होती. अळूला फूल क्वचितच येते. दहावी झाली, शाळा सुटली, ओळ कोरीच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी ते दिसले: पिवळसर, लांबट छदाच्या, म्हणजे फुलांना वेढणाऱ्या पानासारख्या आवरणाच्या, आत उभा दांडा आणि त्याला चिकटलेली पाकळ्यांविना बारीक फुले, खाली स्त्रीफुले, वर पुंफुले. त्याच कार्डावर वेगळ्या शाईने नोंद केली आणि कार्ड घेऊन शाळेत गेले. बाईंनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली, तारखेवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “वेळ?”

मी तिथेच उभ्याने लिहिली.