तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूरला नदी आहे का हो?

पुण्याचा पाहुणा असो की नाशिकचा, नागपूरला आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. त्यांच्याकडे कुठंही जायचं तर मधे एक पूल लागतो, पत्ता सांगतानाही नदीच्या अलीकडे की पलीकडे असं सांगतात, त्यामुळे इथे आल्यावर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत असावं. आमच्या पुण्याच्या मामांनी तर हा प्रश्न चक्क पंचशील चौकात विचारला, सिग्नलला गाडी थांबलेली, खालून नदी चाललेली. मी म्हटलं, मामा, आत्ता तिच्याच डोक्यावर आहोत आपण. मामांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, काच खाली केली, वास आला, काच वर केली. "अगं हा तर नाला आहे."

आता मामांना काय बोलणार, निम्मं नागपूर तिला नालाच म्हणतं. ऑटोवाल्याला "नाग नदीच्या पुलावर सोडा" म्हटलं तर तो विचारेल, कोणता पूल, कोणता चौक, आणि "नाल्याजवळ" म्हटलं की बरोबर नेऊन सोडेल. तर विचारलंच आहे तुम्ही तर नीट सांगते, थोडं लांबेल.

आहे नदी. एक नाही, तीन आहेत, नाग, पिवळी आणि पोरा. त्यातली नाग म्हणजे जिच्यावरून गावाचं नाव पडलं असं सगळे म्हणतात ती. पश्चिमेला वाडीच्या तिकडे लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत तिचा उगम, तिथून ती अंबाझरीत येते. अंबाझरी तलाव म्हणजे दुसरं काही नाही, याच नदीला बांध घालून अडवलेलं पाणी, १८७० च्या सुमाराचं काम, शहराला प्यायला पाणी पाहिजे होतं म्हणून. तिथून पुढे डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, रामदासपेठ, पंचशील चौक, मग धंतोलीच्या कडेनं मोक्षधाम, अशोक चौक, जगनाडे चौक, नंदनवन, पारडी, असं करत करत ती अख्खं शहर पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करते. गोरेवाड्याकडून निघालेली पिवळी शहराबाहेर पूर्वेला तिला मिळते. म्हणजे नागपूरचा माणूस कामाला जाता-येता दिवसातून कितीतरी वेळा नदी ओलांडतो आणि त्याला ते माहीतही नसतं, कारण पुलाला कठड्याऐवजी उंच भिंत नाहीतर जाळी, जाळीवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते अंबाझरीचं. मी मेट्रोनं सीताबर्डीला जाते तेव्हा सुभाष नगर सोडलं की धरमपेठ कॉलेज येईपर्यंत बाजूला तलाव दिसत राहतो, आणि रोजचे लोक, ज्यांना तो पाठ आहे, तेसुद्धा मोबाइलमधून मान वर काढतात. पावसाळ्यात तलाव भरून सांडायला लागला की विचारूच नका, "अंबाझरी ओव्हरफ्लो झाला" ही आमच्याकडची मोठी बातमी, लोक पोराबाळांना घेऊन, भुट्टे खात, व्हिडिओ काढत पाहायला जातात. आता ते सांडणारं पाणी म्हणजेच नाग नदी आहे ना बाप्पा! पण घरी येऊन कोणी म्हणत नाही की आज नदी पाहून आलो. त्याच पाण्याला भिंतीच्या वर तलाव म्हणायचं आणि भिंतीच्या खाली अर्धा किलोमीटर गेलं की नाला. आम्ही तलाववाले लोक आहोत, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, तलाव म्हटला की आमचं मन भरून येतं, संध्याकाळी जायचं ठिकाण म्हणजे फुटाळा. नदीकडे जायचं म्हणजे एक तर मोक्षधाम घाट, नाहीतर गंगाबाई घाट, दोन्ही स्मशानं. म्हणजे जिवंतपणी तिच्याकडे जायला आम्ही कारणच ठेवलं नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ला मात्र ती स्वतःच आली. रात्री वीजकडकडाटात पाऊस सुरू झाला आणि चार-एक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी आधीच भरलेला, तो सांडला, आणि पहाटे डागा ले-आउट, अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या चांगल्या वस्त्यांत कंबरभर, कुठे त्याहून जास्त पाणी. बोटी घालून माणसं काढावी लागली, काही जीवही गेले. माझी एक मैत्रीण तिकडे तळमजल्यावर राहते, तिचा सकाळी फोन आला, रडतही नव्हती, नुसतं सांगत होती की फ्रिज आडवा होऊन किचनमधून हॉलमध्ये आला, गादी तरंगून राहिली, आणि सासूबाई खाटेवर बसून विचारून राहिल्या की "एवढं पाणी आलं कुठून?" त्या घरात त्या लग्न होऊन आल्या होत्या, इतकी वर्षं मागच्या खिडकीतून पाहत होत्या ती नदी आहे हे कोणी त्यांना असं सांगितलंच नव्हतं. पंचशील चौकातला पूल पण त्याच पुरात खचला, मग कितीतरी दिवस सगळं नागपूर वळसे घालत फिरत होतं आणि प्रत्येक वळशाला "पूल का बंद आहे" याचं उत्तर नदी हे होतं. माझ्या मते त्या महिन्यात नागपूरकरांनी "नदी" शब्द जेवढा उच्चारला तेवढा त्याआधीच्या दहा-वीस वर्षांत मिळून नसेल उच्चारला.

बरं, इकडच्या छोट्या पाण्याला हलकं घेऊ नये हे काही आजचं नाही. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉप, पाद्री होते पण दगडधोंड्यांचा आणि जीवाश्मांचा मोठा अभ्यास, नागपूरच्या आसपासचं खडक न खडक पालथं घातलेलं. टाकळघाटला जुनी दगडांची वर्तुळं पाहायला गेले आणि रात्री घोड्यावरून परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून वारले, १८६३ ची गोष्ट. एरवी त्या नाल्यात बकऱ्या पाणी पीत असतील.

इतिहास काढायचा तर देवगडच्या गोंड राजाचं, बख्त बुलंद शाहचं नाव आधी घ्यावं लागतं, त्यानं १७०२ मध्ये इथल्या बारा पाड्या जोडून शहर वसवलं, आणि ते वसवलं या नदीच्या काठावर. नंतर भोसल्यांची राजधानी, महाल वगैरे, तेही नदीला धरूनच. पण मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो संदर्भ बाबासाहेबांचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली, दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं ते समजावून सांगितलं, की बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागात राहत होते, आणि इथून वाहणाऱ्या नाग नदीचंही नाव त्यांनी त्यात घेतलं. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, त्यांच्यातल्या कित्येकांनी ते भाषण वाचलेलं असतं. एकदा अकोल्याकडच्या एका आजीबाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "बाई, ते नाग नदी कोणीकडे हाय?" पाहुण्यांच्या नेहमीच्या प्रश्नापेक्षा वेगळा प्रश्न हा, आहे का नाही, कुठे आहे. मी हात दाखवला, त्या त्या दिशेला गेल्या. पुढे त्यांना काय दिसलं असेल त्याचा विचार आला की कसंतरी होतं.

आता थोडं बरं पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतं रडून राहिली. नदीकडे पाहायची सवय लागली की बारीकसारीक गोष्टी दिसायला लागतात. हिवाळ्यात पारडीच्या अंगाला शेकाट्या दिसतात, लांब लाल पायांचे काळे-पांढरे पक्षी, त्या घाण पाण्यात इतक्या नाजूकपणे पाय टाकत चालतात की आपण नाकाला रुमाल लावून का होईना पाच मिनिटं उभे राहतो. ढोकरी तर पंचशीलच्या पुलाखालीही असते, दगडासारखी बसलेली, उडाली की एकदम पांढरी. उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या आधी, नदीत पोकलँड उतरतात गाळ काढायला, तेव्हा प्रत्येक पुलावर बघ्यांची गर्दी, भर उन्हात दुपट्टे गुंडाळून लोक पोकलँड पाहतात, त्यात पानठेल्यावरचे एक-दोन काकाजी असतातच जे ऑपरेटरला वरून सूचना देतात, "डावीकडून घे रे, डावीकडून!" त्या आठवड्यात नदीत काय काय निघतं, सोफा, कूलरची टाकी, देवाच्या मूर्ती, टायर. आणि कडेनं बेशरमची झुडपं, ती कापली तरी दिवाळीपर्यंत परत उभी, गुलाबी फुलं घेऊन.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा मला फारच भारी वाटलं होतं. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करायचा मोठा प्रकल्प आहे, रोज २० कोटी लिटर पाण्याचा, आणि तिथून निघालेलं पाणी पाइपानं कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. आधी त्या केंद्रांना पेंच धरणाचं चांगलं पाणी लागायचं, प्यायचं पाणी. आता आपण बेसिनमध्ये सोडलेलं पाणी फिरून तिकडे जाऊन वीज करायला लागतं. मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे तुमच्या कूलरमध्ये नाल्याचाच वारा. म्हटलं, असू द्या, थंड आहे ना!

पण सगळंच पाणी काही भांडेवाडीला जात नाही, उरलेलं नदीत. आणि ते जातं कुठे हे पाहायचं असेल तर एकदा आंभोऱ्याला जा, कुही तालुक्यात, नागपूरहून सत्तरेक किलोमीटर. नाग कन्हानला मिळते, कन्हान तिथे वैनगंगेला, आणखी तीन छोट्या नद्या येतात म्हणून पाच नद्यांचा संगम म्हणतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी विवेकसिंधू इथेच लिहिला असं आमच्याकडची माणसं ठासून सांगतात, त्या ग्रंथातल्या एका ओवीत आलेली वैनगंगेकाठची अंबानगरी ती हीच, असा दावा. अंबेजोगाईचे लोक ते मानत नाहीत, अंबानगरी म्हणजे आपलंच गाव म्हणतात, तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ, पण नाग नदीचं पाणी मराठीतल्या इतक्या जुन्या ग्रंथाच्या गावाजवळून जातं एवढं तरी मामांना ऐकवायला मिळालं. आता तिथे मोठा केबलचा पूल झालाय, २०२४ मध्ये सुरू झाला, वर गॅलरी, रविवारी ही गर्दी. पूल सुंदर आहे. खाली पसरलेलं पाणी म्हणजे गोसेखुर्द धरणाचा फुगवटा, लांबून निळं, जवळ गेलं की तुमच्या-आमच्या घरचं. तिथल्या मासेमारी करणाऱ्या एका दादांना मी बोलता बोलता सांगितलं की मी नागपूरची, तर ते हसून म्हणाले, "तुमचंच तर येते सारं इकडे." रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. आणि तिथेही संपत नाही, वैनगंगा पुढे प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. म्हणजे नाशिकच्या पाहुण्यांनी फार नाक मुरडू नये, शेवटी एकाच नदीत जातो आपण.

नदी साफ होणार का, हा त्याच्या मागून येणारा प्रश्न. केंद्राकडून जवळपास दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर आहे, मलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं, वगैरे. माझं म्हणणं एवढंच की आधी जमिनीखालचं काम करा. काठावर फरशी, दिवे आणि सेल्फी पॉइंट केले की फोटो छान येतात, आणि घराघरातला पाइप तसाच नदीत. फुटाळ्यासारखी संध्याकाळ नदीकाठी पण व्हावी असं मला मनापासून वाटतं, पण त्या संध्याकाळी रुमाल नको लागायला.

तर या तुम्ही, पण मे महिन्यात येऊ नका, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर अजिबात नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला या. सकाळी तर्री पोहे खाऊ, मग अंबाझरीपासून सुरू करून पारडीपर्यंत एकेक पूल दाखवते, अर्धा दिवस जातो, ट्रॅफिक धरून. आंभोरा दुसऱ्या दिवशी. मामा तयार झालेत, फक्त काच खाली करणार नाही म्हणतात.