झोंबींचा वेग आणि रिमेकचं गणित

झोंबीपटाचा रिमेक करताना आधी झोंबींचा, म्हणजे उठून माणसांवर चालून येणाऱ्या प्रेतांचा, वेग ठरवावा. सगळी पटकथा त्यावरच उभी राहते. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये ते रखडत चालतात, म्हणून माणसांना मॉलच्या दारांपुढे ट्रक लावायला, दुकानं धुंडाळायला, सुस्तावायला वेळ मिळतो. २००४ च्या रिमेकमध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडरने झोंबींना पळवलं. सुरुवात जबरदस्त, पण मॉलमधला तो पोकळ ऐषआराम हरवला.

टॉम साविनीने दिग्दर्शित केलेला १९९० चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा रोमेरोच्याच १९६८ च्या चित्रपटाचा रिमेक मात्र जरूर बघा. पटकथा खुद्द रोमेरोची. झोंबींपासून वाचायला काही माणसं एका घरात अडकतात; त्यांतली १९६८ ची बार्बरा धक्क्याने सोफ्यावर गोठून बसते. इथली बार्बरा ओळखते, की हे झोंबी इतके संथ आहेत की नुसतं बाजूने चालत निघून जाता येईल. घरातले पुरुष मात्र तळघरावरूनच भांडत राहतात.