जात्यावरची बाई आणि ३ मिमीचं भोक

"ताई, बाई अडकतीय."

गुरुवारी सकाळी सव्वानऊला भोसरीहून मोल्डरदादांचा फोन. मागे मशीनचा धाड धाड आवाज, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला, म्हटलं कोण अडकलं, कुठे अडकलं. मग डोक्यात प्रकाश पडला की ही आपली बाई. चावीची. साडेआठ सेंटिमीटर उंच, हिरवं लुगडं, एक पाय पसरून जात्याशी बसलेली.

मी खेळण्यांचं डिझाइन करते, त्यातही चावी देऊन हलणाऱ्या बाहुल्यांचं. कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अजून बनतात का चावीची खेळणी?" बनतात हो. बॅटरी नको, चार्जिंग नको, आणि आजीला नातवाच्या हातात मोबाइलऐवजी काहीतरी द्यायचं असतं. तर एका कंपनीला दळणारी बाई हवी होती. आठ महिने त्या बाईच्या मागे होते मी, तिचा खांदा, तिची कंबर, जात्याचा खुंटा, सगळं पाठ. त्या दिवशी डायमधून, म्हणजे प्लास्टिक ओतायच्या पोलादी साच्यातून, पहिले चाळीस नग निघाले होते आणि चार वाजता कंपनीचे लोक बघायला येणार होते. चार वाजता. आणि बाई अडकतीय.

आता आत काय असतं ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. चावी दिली की पोलादी पट्टीची स्प्रिंग गुंडाळली जाते, ती उलगडताना दातेरी चाकं फिरवते. मोटर आम्ही तयार घेतो, प्लास्टिकच्या डबीतली. जातं थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेलं. जात्याला खुंटा, खुंट्याला बाईचा हात, हात खांद्याला, खांदा धडाला, आणि धड कमरेत एका पिनवर पुढे मागे होतं. म्हणजे खऱ्या आयुष्यात बाई जातं फिरवते, खेळण्यात जातं बाईला फिरवतं. सगळी लबाडी इथेच आहे, ती दिसू द्यायची नाही हेच आमचं काम.

भोसरीला पोचले तर टेबलावर चाळीस बायका ओळीने बसलेल्या, सगळ्या गप्प. एक उचलली, चावी दिली, सोडली. जातं पाव फेरा गेलं आणि थांबलं. बोटाने जरा ढकललं की सुटायचं, अर्धा फेरा जायचं, परत ठप्प. दुसरी घेतली, तेच. सातवी घेतली, तेच, आणि अडकायचं पण त्याच दोन जागी, खुंटा बाईच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेला की. समोर किंवा जवळ असताना मजेत.

माझ्या पिशवीत थ्रीडी प्रिंटरवर काढलेला जुना नमुना होता. तो काढून चावी दिली, तर ती बाई खर्रर्र करत मस्त फिरली. तेच डिझाइन, तीच मोटर. मग काय, माझं डोकं सरळ एकाच ठिकाणी गेलं आणि मी दादांना बोलले. प्लास्टिक गार होताना आकसतं, आमचं एबीएस जातीचं प्लास्टिक साधारण अर्धा टक्का, ते डाय करताना धरलंच नसणार, कमरेची पिन सरकली असणार, मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं वगैरे वगैरे. कामगार पोरं बघत होती. दादा काही बोलले नाहीत, खिशातला मापं घ्यायचा व्हर्नियर काढून माझ्या हातात दिला आणि चहा सांगायला गेले. 

सगळं मोजलं. खुंटा जात्याच्या मध्यापासून ९ मिमी, बरोबर. हात २८, बरोबर. कंबर ते खांदा बरोबर, खांद्याची पिन २ मिमी, हाताचं भोक २.२. ड्रॉइंगला काट्यासारखं जुळणारं. इतकं सुंदर काम त्यांनी केलं होतं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आता मोजायचं राहिलं काय, तर माझा जुना नमुना. व्हर्नियरची टोकं त्या छोट्या भोकात नीट बसेनात म्हणून टेबलावरचे ड्रिल बिट एकेक घालून बघायला लागले. २.२ चा सैल. २.५ चा पण सैल. ३ चा आरामात गेला.

आणि मला ती रात्र आठवली. आठ महिन्यांपूर्वी, साडेअकरा वाजलेले, प्रिंटमधून निघालेलं भोक लिबलिबीत, पिन जाईना, हाताला लागला तो ३ चा बिट घेऊन मी ते मारलं होतं, बाई फिरली होती, मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता आणि झोपले होते. ड्रॉइंगमध्ये भोक २.२ च राहिलं. 

आता ते का अडकतं ते बघा, कारण कॉम्प्युटरवर ते कधीच अडकलं नव्हतं, तिथे मी खांद्याला चेंडूसारखा सगळीकडे वळणारा सांधा धरला होता आणि डायमध्ये दिली होती साधी पिन. जातं फिरतं आडवं. धड हलतं उभ्यात, पुढे मागे. खुंटा समोर असला की हात सरळ, पण खुंटा बाजूला गेला की हाताला पण बाजूला तिरकं व्हावं लागतं, ९ आणि २८ चं गणित मांडलं तर जवळपास १९ अंश. पिन म्हणते मी फक्त वरखाली वळू देणार. घट्ट भोकात हात सात आठ अंशांच्या पुढे कलतच नाही, मग मोटर बिचारी काय करणार. भोक ढिलं असलं की तोच हात पिनवर डुलतो, कलतो, आणि फिरून येतो.

माझ्या घरी ड्रॉवरमध्ये पत्र्याचं एक ढोल वाजवणारं अस्वल आहे, आजोबांनी कधीतरी घेतलेलं. त्याचे हात तारेच्या आकड्यांनी मोठ्ठ्या भोकांत अडकवलेत, हलवलं की खुळखुळतं. इतकी वर्षं मला वाटायचं स्वस्तातलं काम, कोण बघतंय म्हणून कसंही ठोकलंय. आणि मी त्याच्यापेक्षा चांगलं करायला गेले होते, ०.२ चा टॉलरन्स लावून! ती ढिलाई हाच सांधा होता हो. ज्याने कुणी ते अस्वल केलं त्याने चेंडूच्या सांध्याचे पैसे वाचवून तारेच्या एका वळणात तेच काम करून टाकलं होतं.

दादा चहा घेऊन आले तेव्हा मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे, आणि मघाशी बोलले त्याबद्दल सॉरी. ते म्हणाले, "भोक मोठंच करायचंय ना? लहान मोठं काही असो, पिनच तर बदलायचीय." डायमध्ये भोकाच्या जागी पोलादाची वेगळी पिन असते, ती काढून जाड पिन बसवायची की झालं, डाय परत कापायला नको. माझ्या खांद्यावरचं दहा किलो वजन उतरलं. तोवर हे चाळीस नग हाताने ड्रिल करायला आम्ही चौघं बसलो.

फिरल्या सगळ्या. पण कशा, तर अंगात आल्यासारख्या! सहा फेरे चावी, बारा सेकंदांत खलास. नमुन्यात माझ्या हातचे सगळे सांधे घासत होते म्हणून ती हळू चालायची, इथे सगळं गुळगुळीत. मग मोटर उघडली. आत शेवटच्या चाकाशी एक छोटा तुकडा टकटक मागे पुढे होत असतो, पॅलेट म्हणतो आम्ही त्याला, चावीच्या खेळण्याचा तो खर्रर्र आवाज त्याचाच. त्याला घड्याळासारखी केसासारखी बारीक स्प्रिंग नसते, नुसता जडपणा असतो, म्हणून त्याला जड केलं की सगळं हळू होतं. पण चौपट जडपणा दिला तर वेग अर्धा होतो, चतकोर नाही. आणि वजन मध्यापासून लांब दिलं तर जास्त कामाचं, अंतर दुप्पट केलं की परिणाम चौपट. पितळेच्या तारेचे दोन तुकडे पॅलेटच्या दोन टोकांना फेविक्विकने चिकटवले. बारा सेकंदांची चोवीस झाली, वर एखाद दुसरं सेकंद. छान, संथ. मी खूश.

दीड वाजला होता. डबे घेऊन मावशी आल्या. जुन्नरकडच्या आहेत, साठीच्या पुढच्या, शेडमधल्या पोरांना डबे देतात. त्यांच्यासमोर टेबलावर बाई ठेवली, कौतुकाने चावी दिली. मावशी डबे हातात धरूनच बघत राहिल्या. चोवीस सेकंद पूर्ण बघितलं.

"ही दळंना बया," म्हणाल्या. "जात्याला धरून बसलीय नुसती."

म्हटलं मावशी, म्हणजे कसं? तर त्यांनी डबे खाली ठेवले, तिथेच शेडच्या फरशीवर बसल्या, पाय पसरला आणि हवेतल्या हवेत दळून दाखवलं. पुढे जाताना अंग सैल, सावकाश. आणि मग खुंटा स्वतःकडे ओढताना कमरेतून झटका, अख्खी पाठ मागे. "जोर हितं असतोय. हितं जातं पळतंय. तुमची बाई फुडं पडतीया तवा जातं पळतंय, आन मागं येताना दम लागतोय तिला."

मी परत चावी दिली आणि बघितलं, आणि खरंच की! आठ महिने मी बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. धड पुढे झुकतं तेव्हा त्याचं वजनच पुढे पडतं, मोटरला फुकटची मदत, म्हणून जातं पळतं. मागे येताना मोटरला ते धड वर ओढायचं असतं, म्हणून जातं मंदावतं. नेमकं उलटं. खोट कुठे आहे ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण बाई ओढली जातेय एवढं कुठेतरी जाणवतं.

उपाय काय, तर वजन मागे न्यायचं. माझ्या तोंडून आधी शिसं निघालं आणि दादांनी डोळे वटारले. खेळण्यात शिसं चालत नाही, २०२१ च्या जानेवारीपासून तर आयएसआय मार्कशिवाय खेळणं विकताच येत नाही, कुठे जाता! मग एम-४ चा, म्हणजे ४ मिमीच्या बोल्टवर बसणारा पोलादी नट घेतला, धडाच्या पोकळीत मागच्या बाजूला, कमरेच्या पिनच्या मागे चिकटवला. एकाने पुरेना, दोन लावले. आता बाईचा कल मागे पडायचा. पुढे जाताना मोटर तिला हळूहळू ढकलते आणि मागे येताना वजन स्वतःहून पडतं, जातं सर्रकन जवळ येतं. मोटर तीच, स्प्रिंग तीच. दोन नट, बाजारात दोन रुपयांचे. 

जपानमध्ये चहा आणून देणारी लाकडी बाहुली असायची, तिची रचना १७९६ च्या 'काराकुरी झुई' ह्या पुस्तकात चित्रांसकट छापलेली आहे. स्प्रिंग देवमाशाच्या तोंडातल्या पट्टीची. हातातल्या तबकावर कप ठेवला की चालायला लागते, उचलला की थांबते. कपाचं वजन हाच स्विच. हे मी दरवर्षी डिझाइनच्या पोरांना लेक्चरमध्ये सांगते बरं का, वजन फुकट असतं, वापरा म्हणून. आणि माझ्याच बाईच्या वजनाकडे माझं लक्ष नाही.

चार वाजता कंपनीचे दोघं आले. त्यातल्या एकाने आल्या आल्या चावीकडे बोट केलं. स्प्रिंग उलगडताना चावी पण फिरते, मग चावी आणि अंगाच्या फटीत पोराचं बोट आलं तर? त्याचा नियम मजेशीर आहे, फट इतकी बारीक हवी की ५ मिमीची कांडी आत जाणार नाही, आणि गेलीच तर मग १२ मिमीची पण जायला हवी. म्हणजे बोट एकतर शिरूच नये, नाहीतर शिरलं तर सुखाने बाहेर यावं. आमची फट बारीकवाली होती, तपासून झालं. बाईकडे ते थोडा वेळ बघत राहिले, एकजण म्हणाला "आमच्या आईला दाखवतो", तीन नग घेतले आणि गेले. भोकाचं मी त्यांना सांगितलं नाही. पिन बदलल्याचं बिल आमच्या स्टुडिओच्या नावावर घ्यायला मात्र दादांना सांगितलं, ते नको नको म्हणत होते.

साडेपाचला मावशी रिकामे डबे न्यायला आल्या. मी न बोलता बाई त्यांच्यासमोर सरकवली, चावी दिली. सावकाश पुढे, सर्रकन मागे. सावकाश पुढे, सर्रकन मागे. मावशींची मान पण तिच्याबरोबर हलायला लागली, ओठ हलत होते, बहुतेक ओवी असावी, मशीनच्या आवाजात ऐकू नाही आली.

"आत्ता दळतीया," म्हणाल्या. मी दादांकडे बघितलं, दादा हसले. 

मावशींनी डबे पिशवीत भरले, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "पर वैरण कोण घालतंय? रिकामं जातं फिरवू नये, ताई."

मी बाईकडे बघितलं. जात्यात मूठमूठ दाणे घालायचा तो तिचा डावा हात मांडीवर, लुगड्यासकट एकाच तुकड्यात ओतलेला.