पाटा तुडवताना

९ जुलै

पावसाळा लागल्यापासून टेबलावरच्या मिठाच्या खड्याला पाणी सुटलंय. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे वाचून माहीत होतं. पण सकाळी बशीच भरलेली दिसेल असं वाटलं नव्हतं. मार्चमध्ये कच्छच्या छोट्या रणातून आणला तेव्हा त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या आणि एका बाजूने आत पायऱ्या-पायऱ्यांचा खळगा होता, देवळाच्या कुंडासारखा. आता कोपरे गोल झालेत. चोखून ठेवलेली खडीसाखर जणू.

हा खडा माझ्या कामाचा ‘मुख्य ऐवज’ होता. ‘मीठ, स्थलांतर आणि सांस्कृतिक स्मृती’ असं मीच प्रकल्पाच्या अर्जात लिहिलं होतं. आज तो कागद वाचला आणि कानकोंडं झालं.

खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा, गेल्या नोव्हेंबरात, गेले ती एका गोष्टीसाठी. अगरियांचे, म्हणजे रणात मीठ पिकवणाऱ्यांचे, पाय मिठात इतके कडक होतात की चितेवरही नीट जळत नाहीत, म्हणे. प्रत्येक लेखात ही गोष्ट असतेच. निघण्यापूर्वीच माझी तळपायांची बारा रेखाटनं तयार होती. खारघोड्याच्या पुढे एका झोपडीत चहा पिताना ती वही मी मोठ्या उत्साहाने तिथल्या बांना (घरातल्या मोठ्या बाईंना) दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, “मेलेल्याचे पाय बघायला एवढ्या लांब आलीस?”

वही पिशवीत गेली ती आजपर्यंत बाहेर आलेली नाही.

त्या दिवशी त्यांच्याकडे पाटा तुडवायचं काम चाललं होतं. पाटा म्हणजे मीठ पिकवायचा वाफा. ओल्या मातीवर घरातली माणसं ओळीने उभी राहतात आणि पायाला पाय लावून, छोटी छोटी पावलं टाकत पुढे सरकतात. बोटभर जागा सुटली तरी जमिनीखालून उपसलेलं खारं पाणी तिथून मुरणार. ते पाणी उन्हात आटत आटत २४-२५ अंश बोमेपर्यंत (बोमे हे दाटपणाचं माप) दाट झालं की मीठ धरतं, आणि त्याला महिने लागतात. म्हणजे आजची सुटलेली जागा फाल्गुनात रडवते. मीही गमबूट घालून ओळीत शिरले. अर्ध्या तासात पोटऱ्या भरून आल्या. मागे वळून पाहिलं तर माझ्या पट्ट्यात बुटाच्या तळव्याची नक्षी उठलेली, आणि घरची सून एक शब्द न बोलता ती अनवाणी पायाने पुन्हा दाबत येत होती. एकेक ठसा.

आणि हे दरवर्षी. पावसाळ्यात नद्यांचं आणि आखाताचं पाणी शिरून जवळपास ५,००० चौरस किलोमीटरचं रण बुडतं. बांध, पाटे, काही राहत नाही. जिथे मीठ पिकतं तिथेच त्या पाण्यात कोळंबी धरतात. पाणी ओसरलं की संसार गाडीत घालून ही कुटुंबं परत येतात ती उन्हाळ्यापर्यंत. पिढ्यान् पिढ्या येतात, पण जमिनीची मोजणीच झालेली नाही, सातबारा कुठला! ‘सर्व्हे नंबर झीरो’ म्हणतात या जागेला. मग आपली जागा सापडते कशी? मी तिथल्या काकांना अगदी गंभीरपणे विचारलं. स्मृती, दिशा, तारे असं काही ऐकायची तयारी होती. ते म्हणाले, “गेल्या सालच्या विहिरीचा खळगा असतो ना थोडा. आणि चुकलो तर शेजारी भांडायला येतो.”

जपानी चित्रकार मोतोई यामामोतो मला फार आवडतात. १९९४ मध्ये बहीण गेल्यावर ते मिठाने जमिनीवर चक्रव्यूह काढू लागले आणि प्रदर्शन संपलं की लोकांसोबत ते मीठ समुद्राला परत करतात. रणातलं पुसलं जाणंही मला तसंच दिसत होतं, सुंदर वगैरे. पण इथे हंगामाच्या तोंडावर व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते आणि अवेळी पाऊस आला की मीठ विरघळतं, उचल विरघळत नाही. यामामोतो स्वतःच्या हाताने पुसतात. हा फरक माझ्या अर्जात कुठेच नव्हता.

(‘मीठ’ हा शब्द ‘मिष्ट’वरून आला, म्हणजे गोड. गुजरातीत तर ‘मीठुं’ म्हणजे मीठही आणि गोडही. दिवाळीनंतरच्या नव्या वर्षाच्या पहाटे तिथे मीठ ‘सबरस’ म्हणून दारोदार विकायला येतं. आणि ‘आगर’मधून तिकडे अगरिया झाले, आपल्याकडे आगरी. यावर एक वही भरली आहे. तिचं काय करायचं ते कळत नाही.)

दुपारी बशीतलं पाणी मोरीत ओतलं. खडा आहे तसा राहू दे. झाकणार नाही, सिलिका जेलही घालणार नाही.

संध्याकाळी रणातल्या त्या सुनेचा फोन आला. सगळे गावात आहेत, पाऊस बरा आहे. दिवाळीच्या सुमारास येऊ का, विचारलं.

“या ना बेन. पण बूट घरी ठेवून या.”