सांक्ट आंटोन: दोन फळ्या की एक?

स्की की स्नोबोर्ड, म्हणजे प्रत्येक पायाला वेगळी फळी की दोन्ही पायांना मिळून एकच, हे बर्फावर पाय ठेवण्याआधीच ठरवावं लागतं, कारण दोन्हींचे बूट वेगळे. भाड्याने साहित्य देणाऱ्या काउंटरपलीकडचा मुलगा तुमच्या पायाचं माप घेता घेता सहज विचारतो आणि तुमच्या मागे रांग असते. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनला आम्ही पोहोचलो तेव्हा माझं काहीच ठरलेलं नव्हतं. सोबत भाचा होता. इन्सब्रुकला शिकायला असलेला, दर हिवाळ्यात बोर्डवर उभा राहणारा, त्यामुळे त्याचं उत्तर तयार. "मावशी, बोर्डच घे. पहिले दोन दिवस मला शिव्या घालशील, तिसऱ्या दिवशी माझे आभार मानशील."

शिव्यांचा अंदाज त्याने बरोबर बांधला होता. आभारांचं पुढे सांगते.

आधी या गावाविषयी, कारण स्की-बोर्डचा वाद इथे करण्यात एक गंमत आहे. डोंगराखालून जाणारा आर्लबर्ग रेल्वेबोगदा १८८४ साली खुला झाला आणि तिरोलचं हे कोपऱ्यातलं गाव मुख्य मार्गावर आलं. आजही झुरिककडून किंवा इन्सब्रुककडून येणारी आगगाडी गावातच सोडते आणि प्लॅटफॉर्मवरून उतार दिसतात. जवळच्या स्टूबेन गावात जन्मलेला हानेस श्नायडर १९०७ साली इथे स्की शिकवायला आला. पाय फाकवून, स्कीची टोकं जवळ आणून वेग आवरायचा, तिथून हळूहळू वळणांकडे आणि मग दोन्ही स्की समांतर ठेवण्याकडे जायचं, अशी पायरीपायरीची शिकवण त्याने बसवली. ती आर्लबर्ग पद्धत म्हणून जगभर गेली. १९३८मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेला निघून गेला. म्हणजे नवख्या माणसाला स्की कशी शिकवावी, या प्रश्नाचं उत्तर ज्या गावात घडलं, तिथेच भाचा मला स्की नको म्हणून सांगत होता.

मी काउंटरवर तोडगा काढला: आधी स्की, मग बोर्ड, आणि उरलेली सुट्टी जे जमेल ते. थोडे पैसे जास्त गेले, पण तशी अदलाबदल करू देतात का हे आधीच विचारून ठेवावं.

स्कीचा बूट हा प्रकार एकदा तरी अनुभवावाच. कडक प्लास्टिकचं कवच, चार बकला, पोटरीपर्यंत आवळलेलं. घोटा बाजूला वळत नाही, मागे तर नाहीच, फक्त नडगी पुढे दाबता येते. ते मुद्दामच असतं: नडगीने दिलेला दाब थेट स्कीच्या कडेपर्यंत पोहोचावा म्हणून. पण हे कळेपर्यंत जिने उतरताना माणूस तिरका, आडवा, कठड्याला लटकत चालतो. भाचा शेजारून त्याच्या मऊ, फीतवाल्या बोर्डच्या बुटांतून टणटण जिने उतरत होता आणि एकदाही मागे वळून पाहत नव्हता. नुसत्या बुटांवर मत द्यायचं असतं तर मी तिथेच बोर्ड घेऊन मोकळी झाले असते.

बर्फावर मात्र चित्र फिरतं. नास्सरआइन भागात नवशिक्यांचा सौम्य उतार आहे. सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, वर पोहोचायचं, खाली घसरत यायचं. आमच्या शिक्षिका साठीच्या आसपासच्या, चेहरा उन्हाने तांबूस झालेला, बोलणं तोलून मापून. त्यांनी काठ्या काढून घेतल्या आणि फक्त टाचा बाहेर ढकला म्हणाल्या. टाचा बाहेर, टोकं जवळ, गुडघे किंचित वाकलेले: श्नायडरच्या काळापासून चालत आलेली ती पाचर. वेग थांबला. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबला. जेवणाच्या वेळेपर्यंत मी उजवीकडे-डावीकडे वळत, हव्या त्या ठिकाणी उभी राहू शकत होते. डौल अजिबात नव्हता, पण ताबा होता.

यात माझं कौतुक कमी आणि स्कीच्या आकाराचं जास्त. १९९०च्या दशकापर्यंत स्की जवळजवळ सरळ आणि डोक्याच्या वर जाणारी लांब असे. मग टोकाला आणि शेपटीला रुंद, कमरेत बारीक अशी स्की आली. ती नुसती कडेवर कलती केली तरी स्वतःच कमानीत वळते. आज नवख्याला हनुवटी ते नाकापर्यंत उंचीची स्की देतात. जुन्या पिढीने ज्या वळणासाठी घाम गाळला, ते वळण आता अर्धं कारखान्यातच तयार होऊन येतं.

आणि दोन पाय सुटे असणं! तोल गेला तर एक पाय पुढे टाकता येतो, थकवा आला तर एका पायावर भार देता येतो, सपाटीवर चालता येतं. या गोष्टीची किंमत मला बोर्डवर चढल्यावर कळली.

बोर्ड घेताना पहिला प्रश्न असतो, कोणता पाय पुढे? डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी (शब्दशः वेंधळा). भाच्याने मला बेसावध असताना मागून हलकाच धक्का दिला आणि कोणता पाय आधी पुढे पडला ते पाहिलं. उजवा. "मावशी, तू गूफी," त्याने जाहीर केलं आणि पुढचा संपूर्ण दिवस हे विशेषण सढळ हाताने वापरलं.

बोर्डवर सुरुवात बसण्याने होते. बर्फात बूड टेकवायचं, दोन्ही पाय पट्ट्यांत आवळायचे, मग टाचेकडच्या कडेवर जोर देऊन उभं राहायचं आणि दरीकडे तोंड करून आडवं आडवं खाली घसरत जायचं. एवढं तासाभरात जमतं. पुढची पायरी बोटांकडची कड. त्यात तोंड डोंगराकडे आणि पाठ उताराकडे. आपण कुठे चाललो आहोत ते दिसत नाही आणि शरीराची प्रत्येक पेशी याला विरोध करते. आणि एका कडेवरून दुसरीकडे जाताना मधे एक क्षण असा येतो की बोर्ड सरळ खाली रोखलेला असतो. तो क्षण लांबू नये म्हणून नवखा माणूस घाईने मागे झुकतो, उताराकडची कड बर्फात रुतते आणि जमीन अंगावर येते. पडताना सूचना मिळत नाही. स्कीवर आपण पडायला लागलो आहोत हे कळायला वेळ मिळतो, इथे पडून झाल्यावरच कळतं. माकडहाड आणि मनगटं, हिशोब या दोघांत चुकता होतो. आत गाद्या असलेली अर्धी चड्डी मिळते. लाज बाजूला ठेवून घ्यावी.

पण मग दुसऱ्या दिवशी कधीतरी दोन वळणं एकमेकांना जोडली गेली. टाच, बोट, टाच. हात मोकळे, काठ्या नाहीत, बूट मऊ, आणि सगळं अंग एकाच झोक्यात या बाजूचं त्या बाजूला जातं. हा आनंद स्कीच्या पाचरीत नाही हे मान्य करायला हवं. भाचा वरून ओरडला, "बघ, म्हटलं होतं ना!" मी उत्तर द्यायला मान वर केली आणि पडले.

लोक तुलना करताना म्हणतात, स्की सुरुवातीला सोपी आणि नंतर अवघड, बोर्डचं उलट. खरं आहे. समांतर स्कीने, उभ्या, उखडलेल्या उतारावर नीट उतरायला वर्षं जातात. बोर्डवर सुरुवातीची मारझोड सोसली की माणूस लवकर देखणा दिसू लागतो. मात्र माझा निर्णय या वाक्याने झाला नाही. सगळ्या चर्चा उताराबद्दल असतात आणि दिवसाचा केवढा भाग उतारावर जातच नाही, हे कोणी सांगत नाही. तो जातो लिफ्टमध्ये, लिफ्टच्या रांगेत, सपाट जोडरस्त्यांवर आणि सोबतच्यांची वाट पाहण्यात.

लिफ्टचं बघा. गावातून वर जाणारी गाल्त्सिगबान मोठी मजेदार आहे. २००६ साली बसवलेली. स्थानकात केबिन प्रचंड चाकांवरून फिरत खाली जमिनीच्या पातळीला येतात, त्यामुळे बूट घालून पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. स्की हातात घ्या, बोर्ड काखेत मारा, दोघांना सारखंच. पण खुर्चीची लिफ्ट आली की बोर्डवाल्याला मागचा पाय सोडावा लागतो आणि वर उतरताना एका पायावर, तिरक्या अवस्थेत, सुटलेला पाय बोर्डवर टेकवून घसरत बाजूला व्हावं लागतं. नवख्यांचा ढीग पडतो तो याच जागी. आणि टी-बार! उलट्या टी आकाराचा दांडा माणसाला मागून ढकलत वर नेतो. स्कीवाले दोघे शेजारी उभे राहतात, दांडा दोघांच्या मागे. बोर्डवाला आडवा उभा असल्यामुळे तो दांडा त्याच्या मांडीत अडकवावा लागतो. मी अर्ध्या वाटेवर सुटले आणि मागून येणाऱ्यांच्या मार्गातून रांगत बाहेर पडले.

सपाटीचं दुखणं तर कायमचं. २०१६ साली फ्लेक्सनबान ही केबिनची लिफ्ट सुरू झाली आणि सांक्ट आंटोन, झ्यूर्स, लेख ही सगळी गावं लिफ्टने जोडली गेली, जवळपास ३०० किलोमीटरचे आखलेले उतार. एवढा पसारा म्हटल्यावर मधे सपाट पट्टे येणारच. स्कीवाला काठ्या मारत किंवा स्केटिंगसारखे पाय टाकत निघून जातो. बोर्डवाला वेग आधीच साठवून ठेवतो, आणि तो संपला की एक पाय सोडून लंगडत ढकलतो. भाच्यासारखा मुरलेलाही अडकला. शेवटी मी माझी काठी मागे धरली, त्याने टोक पकडलं आणि मी त्याला ओढत नेलं. उतारावर मला मागे टाकून जाणाऱ्या पोराची ही मिरवणूक मी मुद्दाम संथ काढली.

आता दुखापतींचं, कारण माझा डावा गुडघा कुरकुरणारा आहे आणि कागदावर उत्तर बोर्डच्या बाजूने जातं. बोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, त्यामुळे गुडघा पिळला जाण्याचा धोका कमी. त्याऐवजी मनगट, खांदा आणि मागे पडल्यास डोकं. स्कीमध्ये लांब फळी तरफेसारखं काम करते आणि गुडघ्यातले अस्थिबंध ताणले जातात. ठरावीक जोरापलीकडे बूट सोडून देणारं बाइंडिंग असतं, पण त्याने नडगी आणि घोटा जितका वाचतो तितका गुडघा वाचत नाही. बाइंडिंगचा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून लावतात. इथे शौर्य दाखवून "मी चांगली स्की करते" असं सांगू नये. आकडा जास्त लावला गेला तर फळी वेळेवर सुटणार नाही. हेल्मेट दोन्हींत. मनगटाचे पट्टे बोर्डमध्ये.

आणखी एक गोष्ट दुपारी गावाकडे उतरणाऱ्या गर्दीच्या उतारावर लक्षात आली. बोर्डवाल्याला पाठीकडची बाजू दिसत नाही. नियम सोपा आहे: पुढे असलेल्याचा हक्क, मागून येणाऱ्याने सांभाळायचं. पण शेजारून बोर्डवाला चालला असेल तर तो कोणत्या बाजूला तोंड करून आहे, हे मी आता आधी पाहते.

भाच्याची बाजूही सांगायला हवी. ताज्या, खोल बर्फात रुंद फळी वर तरंगते आणि तिथे तो जे करतो ते मला या जन्मी जमेलसं वाटत नाही. (आखलेल्या वाटेबाहेरचा तो बर्फ हिमस्खलनाचा प्रदेश आहे. गाडलेल्याचा ठाव घेणारं शोधयंत्र, फावडं, बर्फात खुपसून बघायची सळई आणि जाणकार सोबती नसेल तर तिकडे बघूही नये.) इतिहासही त्याच्याच तोंडून ऐकला. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या शेर्मन पॉपेनने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, तिथून ही फळी निघाली. कित्येक वर्षं स्कीच्या डोंगरांवर तिला बंदी होती. व्हरमाँटमधल्या स्ट्रॅटनने १९८३मध्ये दार उघडलं. १९९८मध्ये ती नागानो ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. अमेरिकेतल्या अल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी आजही बोर्डला मज्जाव आहे.

शिक्षिकाबाईंना मी विचारलं, दोन्ही करता येतं का? त्यांनी खांदे उडवले आणि एस्टर लेडेत्स्काचं नाव घेतलं. २०१८च्या ऑलिंपिकमध्ये या चेक मुलीने स्कीमधली सुपर-जी आणि बोर्डमधली समांतर जायंट स्लॅलम, या दोन्ही शर्यतींची सुवर्णं जिंकली. सुपर-जीमध्ये तिने ऑस्ट्रियाच्या आना फाइटला ०.०१ सेकंदाने हरवलं होतं. बाई हे सांगताना अजूनही खूश दिसत नव्हत्या.

माझा निकाल स्कीच्या बाजूने लागला. कुरकुरत्या गुडघ्यासकट. मला थांबायला आवडतं, इकडेतिकडे बघायला आवडतं, आणि प्रत्येक थांब्यानंतर बर्फात बसून पट्टे आवळणं मला नको. ज्याला उतार हीच सगळी गंमत वाटते, पडण्याचं ज्याला फार मनावर येत नाही आणि ज्याचे मित्र बोर्डवाले आहेत, त्याने बेलाशक बोर्ड घ्यावा. सोबतचे काय करतात याला मी फार महत्त्व देईन. मिश्र टोळीत कोणीतरी सतत कोणाची तरी वाट बघत असतं. सुट्टी छोटी असेल तर दोन्ही करून बघण्याच्या फंदातही पडू नका. बोर्डचे वाईट दिवसच तेवढे पदरात पडतील आणि चांगला दिवस परतीच्या गाडीत जाईल.

सांक्ट आंटोनचे निळे, म्हणजे सोपे समजले जाणारे उतार इतर ठिकाणच्या निळ्यांपेक्षा तिखट आहेत, म्हणून पुढच्या खेपेला मुक्काम लेखच्या बाजूला करायचं ठरवलंय. भाचा येणार आहेच. सपाटीवर ओढायला कोणीतरी हवं, असं तो आता स्वतःच म्हणतो, आणि मी लांब काठ्या घ्याव्यात असा त्याचा आग्रह आहे.