पद्मिनीच्या लोखंडी डिस्क: पावडर कोटिंग सोडून पीयू रंग का घेतला

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या पाचही डिस्क, म्हणजे टायर चढतो ती लोखंडी चाकं, या हिवाळ्यात पार पत्र्यापर्यंत साफ करून नव्याने रंगवल्या. टायर मूळ मापाचे, ५.२०-१४, आत ट्यूब आणि वर क्रोमची व्हील कॅप. पर्याय तीन होते: क्रोम, पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड चिकटवून भट्टीत भाजणं) आणि हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं द्रावण, घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. लोखंडी डिस्कवरचा कुठलाही रंग दोन जागी हरतो. एक म्हणजे मधली चकती रिमला, म्हणजे टायर बसतो त्या बाहेरच्या कड्याला, जोडलेली असते तिथली फट, आणि दुसरी म्हणजे बोल्ट जिथे टेकतो ती निमुळती बैठक. माझी निवड या दोन जागांवरूनच झाली.

क्रोम लगेच बाद केला. क्रोमचा मुलामा चढवण्याआधी डिस्क ॲसिडच्या टाकीत बुडवतात. चकती आणि रिम यांची जोड सलग नसते, मध्ये मध्ये मोकळी फट राहते. तिच्यात गेलेलं ॲसिड कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. मग सहा-आठ महिन्यांत जोडाखालून तपकिरी ओघळ उतरायला लागतात. शिवाय गंजाने पडलेले खड्डे भरायला आधी तांब्याचा जाड थर आणि घासकाम लागतं. क्रोम कॅपवर शोभतो, तेवढा पुरे.

पावडर कोटिंग मात्र स्टेपनीच्या डिस्कवर आधी करून पाहिलं. काम दिसायला सुरेख झालं. १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजलेला, ७०-८० मायक्रॉनचा सलग थर. पण जोडाच्या आतल्या कोपऱ्यात टॉर्च मारल्यावर उघडा पत्रा दिसला. पावडर विजेच्या भाराने चिकटते, आणि खोल कोपऱ्यात तो भार पोचत नसल्यामुळे ती कडेवरच बसते. दुसरी चूक मोठी होती. कोटिंगवाल्याने बोल्टच्या बैठका झाकल्याच नव्हत्या. ठरवलेला जोर आला की टिक् वाजणाऱ्या टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळून गाडी १०० किलोमीटर चालवली, परत रेंच लावला तर प्रत्येक बोल्ट अजून जवळजवळ पाव फेरा फिरला. काढून पाहिलं तर बैठकीवरची पावडर पापडासारखी चुरगळून कडेला गोळा झाली होती. ती दबली की बोल्टचा ताण तेवढा उतरतो, आणि चाक सैल होण्याची सुरुवात इथूनच होते. पावडर करायचीच असेल तर बैठका आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी मागची सपाट बाजू सिलिकॉनच्या बुचांनी व उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकून घ्या. हे तोंडी सांगून भागत नाही, बुचं लावलेली स्वतः बघा. आणखी एक अडचण म्हणजे दगड लागून टवका उडाला तर पावडरला जागेवर डागडुजी नाही. पाणी त्या टवक्यातून थराखाली सरकत राहतं.

म्हणून पाचही डिस्क पीयूवर आणल्या. टायर उतरल्यावर ब्लास्टिंगच्या (हवेच्या झोताने कण मारून पत्रा साफ करण्याच्या) आधी डिस्क हबवर लावून, फिरवताना ती किती डोलते ते डायल गेजने तपासा. १.५ मिमीपेक्षा जास्त डोलणारी डिस्क मी रंगवत नाही. बोल्टच्या भोकांभोवती वायर ब्रश मारून बारीक तडे शोधा. तडा असेल तर डिस्क भंगारात, वेल्डिंग करून वापरायची नाही. टायरची कड बसते त्या खोबणीतला गंजही याच वेळी बघा. तिथल्या पपड्या ट्यूब कापतात.

ब्लास्टिंग बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडने, साधारण ८० मेश मापाच्या कणांनी करून घेतलं. भरड माल वापरला तर पत्र्यावर उठलेला खरखरीतपणा चंदेरी रंगातून स्पष्ट दिसतो. नंतर जोडाच्या फटीत कॉम्प्रेसरची हवा चारही बाजूंनी मारायची, कारण अडकलेले कण रंगाची गन चालू असताना नेमके ओल्या रंगावर उडतात. उघड्या पत्र्याला हात लावायचा नाही, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारायचा. कोकणपट्टीच्या दमट हवेत पत्रा रात्रीतून लालसर होतो. ब्लास्टिंगनंतर गंज मारणारं फॉस्फोरिक द्रावण लावू नका. त्याचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही.

प्रायमरचा पहिला हात थोडा पातळ करून ब्रशने फटीत भरला, दोन्ही बाजूंनी. पातळ इपॉक्सी आपोआप आत ओढलं जातं. माझ्या मते अख्ख्या कामातली सर्वांत महत्त्वाची पंधरा मिनिटं हीच. त्यावर गनने दोन हात, सुकून ४०-५० मायक्रॉन. प्रायमर वाळल्यावर फटीवर पीयू सीम सीलरची, म्हणजे फट बुजवणाऱ्या पेस्टची, बारीक रेघ, समोरून आणि मागूनही. फक्त समोरून बंद केली तर मागून शिरलेलं पाणी आतच कोंडतं. खड्ड्यांना इपॉक्सी लांबी (पुट्टी), पण टायर बसतो तिथे आणि बैठकांवर लांबी अजिबात नको.

मूळ रंग कोणता होता हे कॅपखाली आणि टायरखाली झाकलेल्या भागात सापडतं, म्हणून ब्लास्टिंगच्या आधीच तिथला नमुना जुळवून ठेवा. माझ्या डिस्कवर फिका चंदेरी निघाला. नुसता चंदेरी उघडा ठेवला तर काळवंडतो, वर हार्डनरवाला क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, लागतोच. पण पूर्ण चकचकीत क्लिअर जुन्या गाडीवर उपरा दिसतो, म्हणून मॅटिंगचं द्रावण घालून तो अर्धचकाकी केला. गनची नोझल १.३ मिमी, दाब साधारण २ बार, अंतर १५-२० सेंमी. चंदेरीचा शेवटचा हात लांबून, कोरडा आणि हलका मारायचा. ओला पडला की ढग उठतात. डिस्क फिरत्या स्टुलावर ठेवली की वळणावर ओघळ येत नाहीत. पाच डिस्कना तयार मिश्रण प्रायमर, चंदेरी आणि क्लिअर प्रत्येकी १ लिटर भरपूर झालं.

हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना कायमची इजा करतं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर रंगाऱ्याच्या बूथमध्येच काम करून घ्या.

बैठकांवर आणि हबच्या बाजूला मी प्रायमरचा एकच पातळ हात ठेवला, वरचे रंग टेपने अडवले. टायर चढवायला किमान आठवडा थांबलो. पंक्चरवाल्याला लोखंडी पट्टीखाली प्लास्टिकची पट्टी घालायला लावली, आणि बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला चिकटवायची घेतली, कारण ठोकायची वजनं कडेचा रंग पहिल्याच दिवशी फोडतात. ५० आणि १०० किलोमीटरला बोल्ट परत तपासले. यावेळी बोल्ट जराही न फिरता रेंच जागच्या जागी टिक् वाजला.