झोपलेल्याला उठवू नये

घरच्यांबरोबर सहलीला जाण्यात एकच गोम आहे: घरचे बरोबर असतात. एरवी सकाळी साडेआठला चार दिशांना पांगणारी माणसं दिवसभर एकमेकांच्या पायात पायात येतात. कुणाला भूक लागलेली असते, कुणाचा फोन पाच टक्क्यांवर आलेला असतो, कुणी कारण न सांगता फुरंगटलेलं असतं, आणि एकाला (आमच्याकडे हे खातं नवऱ्याकडे आहे) यादीतलं पुढचं ठिकाण बंद व्हायच्या आत गाठायचं असतं. टोकियोत तर यादीला अंतच नाही. सेन्सोजी मंदिर झालं, शिबुयाचा तो गर्दीचा चौक दोन्ही बाजूंनी ओलांडून झाला, आणि मग आईनं जाहीर केलं, "आता मला कुठंही न्या, पण बसवा."

त्या दिवशी सकाळी आम्ही सेतागाया भागातल्या गोतोकुजी मंदिरात गेलो होतो. उजवा पंजा वर करून बसलेली ती पांढरी, लाल पट्ट्याची चिनीमातीची मांजरं तिथं शेकड्यांनी ओळीत मांडलेली आहेत. सतराव्या शतकात ई नाओताका नावाचा हिकोनेचा सरदार शिकारीहून परतत होता. मंदिराच्या दारातल्या मांजरानं त्याला पंजा हलवून आत बोलावलं आणि तो आत शिरताच बाहेर वादळ सुरू झालं, अशी तिथली कथा. सरदार खूश झाला, मंदिराचे दिवस पालटले. लोक मांजर विकत घेतात, घरी नेतात, इच्छा पुरी झाली की परत आणून ठेवतात. आईला हा व्यवहार पसंत पडला. "नवस फेडल्यासारखंच की," म्हणाली. मुलीला मात्र चिनीमातीत गोडी नव्हती. तिला खरी मांजरं हवी होती आणि तिनं फोनवर कॅफे शोधूनही ठेवला होता.

"मांजर बघायला पैसे द्यायचे?" आई म्हणाली. "आणि ते विमानानं इथवर येऊन?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिचं माहेर संगमेश्वरजवळचं. त्या घरात मांजर पाळलं असं कुणी कधी म्हटलं नाही, मांजर असायचं. वैलाच्या उबेला राखेत अंग टाकून पडायचं, कोळणीची हाक माणसांच्या आधी त्याला ऐकू यायची, आणि दुधाचं पातेलं जाळीच्या कपाटात ठेवून वर वरवंटा ठेवला तरी साय कधीतरी गायब व्हायचीच. व्यायली की पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवायची आणि आठवडाभरानं पुन्हा माळ्यावर हजर. आजी तिला दिवसातून दहा वेळा घराबाहेर काढायची आणि रात्री भाताच्या शितांत माशाचा काटा कालवून मागच्या दारी ठेवायची. या हिशेबात पैसे कुठंच येत नव्हते.

निशी-कासाईत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं तिला समजावलं. त्या भागात भारतीयांची इतकी वस्ती आहे की पोहे-हिंग-कढीपत्ता यांची ददात नाही, पण मांजराची आहे. तिच्या भाड्याच्या घराच्या करारात प्राणी पाळायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि जपानी शहरांत अशी घरं भरपूर. मांजरं तर लोकांना प्रचंड आवडतात. 2017 सालच्या तिथल्या पाहणीत पाळीव मांजरांची संख्या कुत्र्यांच्या पुढे गेली. मग ज्यांना घरी ठेवता येत नाही ते तासाच्या बोलीवर भेटायला जातात. ही कल्पना मुळात जपानी नाही, हे मलाही नवीन होतं. पहिला मांजर-कॅफे 1998 साली तैपेईत निघाला. तिथं जपानी पर्यटकांची रीघ लागली, 2004 मध्ये ओसाकात एक उघडला, आणि मग जपानभर पेव फुटलं.

"म्हणजे पाळणाघर," आई म्हणाली. "मांजरांचं नव्हे, माणसांचं."

हाराजुकूच्या गल्ल्यांतून जाताना मुलीचा बेत बदलायची वेळ आली होती. एका कॅफेच्या पाटीवर घुबडं होती, दुसऱ्याच्या पाटीवर पाणमांजरं, आणि पाणमांजरांचे फोटो असे होते की दगडालाही पाझर फुटावा. मी तिला ओढूनच पुढं नेलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा वेळी माझं थोडं भाषण होतं. घुबड हा रात्रीचा पक्षी. त्याला भर दुपारी दिव्याखाली पायाला दोरी बांधून बसवायचं आणि अनोळखी माणसांनी रांगेनं डोक्यावरून बोट फिरवायचं, ही मजा माझ्या पचनी पडत नाही. लहान नखांच्या पाणमांजरांचं तर आणखी वाईट. घरात नि कॅफेत ठेवायच्या हौसेपायी त्यांची पिल्लं चोरट्या वाटेनं विकली जाऊ लागली. शेवटी 2019 मध्ये भारतासह काही देशांच्या प्रस्तावावरून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. मांजराचं तसं नाही. ते हजारो वर्षांपूर्वी आपण होऊन माणसाच्या कोठारापाशी आलं आणि अजून गेलेलं नाही. तरीही आम्ही शोधून शोधून रस्त्यावरची, सोडून दिलेली मांजरं ठेवणारा कॅफे निवडला. तिथली मांजरं दत्तक घेता येतात.

लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो. बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला वयाच्या अटीमुळे आत प्रवेश नव्हता, त्यामुळे तो आणि त्याचा बाबा खाली आइस्क्रीम खायला गेले. त्या दिवशी सगळ्यात सुखी तेच असावेत. आम्ही बूट काढले, चपला घातल्या, पिशव्या लॉकरमध्ये ठेवल्या, हात धुऊन वर जंतुनाशक चोळलं. आत शिरायची वेळ लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात आलं. पैशांचा आकडा दहा-दहा मिनिटांनी वाढत जाणारा. आईनं येनचे रुपये करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आणि मग भिंतीवरचे नियम. झोपलेल्या मांजराला उठवू नये. उचलून घेऊ नये. पाठलाग करू नये. तोंडासमोर फ्लॅश मारू नये. मोठ्यानं बोलू नये. गळ्यात रुमाल बांधलेल्या मांजराला हात लावू नये, त्याला आज माणसं नकोत. मांजर आपण होऊन आलं तर ठीक. गेलं तर जाऊ द्यावं.

मी ही पाटी दोनदा वाचली. यातला एकही नियम आमच्या घराण्यात कधी पाळला गेलेला नाही. आमच्याकडे माया करायची म्हणजे आधी झोपलेल्याला उठवायचं. रात्रीच्या गाडीनं काका आले की पाळण्यातलं पोर उचलून दिव्याखाली आणतात, "बघ, कोण आलंय!" पोर भोकाड पसरतं, काका गालगुच्चा घेतात, मग ते काकांना ओळखत नाही याबद्दल सगळे त्याला हसतात. जरा मोठं झालं की पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवायची. आणखी मोठं झालं की खोलीचं दार लावून का बसतो हा घरच्या बैठकीचा विषय. तापानं फणफणलेल्या माणसाला गाढ झोपेतून हलवून "आता बरं वाटतंय का?" विचारणारे लोक आहोत आम्ही. लग्नघरात पहाटे पाचला दिवे लावून "तुम्ही झोपा, आमचं चालू दे" म्हणतात त्यात तर प्रेम ओतप्रोत असतं. आज माणसं नकोत असं सांगणारा रुमाल आमच्याकडे कुणी बांधलाच, तर पहिल्यांदा सगळे रुमालाची चौकशी करायला येतील.

आत गालिचा, बुटकी टेबलं, भिंतीला चढत्या फळ्या, कपाटभर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. कुठूनतरी हलका पियानो. चहा-कॉफी यंत्रातून आपली आपण घ्यायची, कपाला झाकण, कारण केस. आणि मांजरं झोपलेली. सगळी. टोपलीत, फळीवर, खिडकीत. एक तर मांगांच्या ओळीमागे, फक्त शेपटी बाहेर. दुपारचे अडीच वाजले होते. मांजर दिवसातले बारा-पंधरा तास झोपतं आणि तिन्हीसांजेला ताजंतवानं होतं, हे मी मुलांना वर्गात सांगत आले आहे. वेळ मात्र नवऱ्याच्या यादीनं ठरवलेली. जपानच्या कायद्यालाही मांजराचा दिनक्रम ठाऊक आहे. रात्री आठनंतर कुत्रीमांजरं लोकांसमोर मांडून ठेवायला तिथं बंदी आहे. एक वर्षावरची, मोकळी हिंडणारी कॅफेतली मांजरं असतील तर दहापर्यंत सवलत.

तेव्हा आम्ही बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. उठवायचं नाही, उचलायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आमच्या कुटुंबाचं एवढं हातपाय बांधलेलं रूप मी आजवर पाहिलं नव्हतं.

आईला खिडकीतली एक तिरंगी मांजरी आवडली. पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिगळ, आणि शेपटी म्हणजे पावडर लावायच्या पफएवढा गोंडा. "कुणी गं कापली हिची शेपूट?" आईनं कुजबुजत विचारलं. कापलेली नाही, ती तिथली जातच तशी. लांब शेपटीचं मांजर म्हातारं झालं की शेपटी दुभंगते आणि त्याचं भूत होतं, असा तिकडे जुना समज होता, म्हणून आखूड शेपटीची मांजरं लोकांनी जवळ केली. मग मी मुलांना सांगायला लागले की तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, तीन रंगांचा बोका काही हजारांत एखादा, म्हणून जपानी खलाशी तो शुभ मानून...

"आई, सुट्टी आहे," मुलगा म्हणाला.

त्या मांजरीच्या डाव्या कानाच्या टोकाला इंग्रजी व्हीसारखी छोटी खाच होती. आईला वाटलं, भांडणात फाटला. तिथं काम करणारी मुलगी मोडक्या इंग्रजीत आणि बहिणीमार्फत सांगू लागली: रस्त्यावरच्या मांजराची नसबंदी झाली की ही खूण करतात, मादीला डावीकडे, बोक्याला उजवीकडे, आणि चेरीच्या पाकळीसारखी दिसते म्हणून अशा मांजराला साकुरा-नेको म्हणतात. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतही कान छाटलेली दोन मांजरं पार्किंगमध्ये राहतात. त्यांना मात्र सेक्रेटरींपासून वॉचमनपर्यंत सगळे 'कानतुटकी' म्हणतात. फूल वगैरे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मुलीनं जास्तीचे पैसे देऊन चुरू घेतलं. चुरू म्हणजे माशाची किंवा कोंबडीची पातळ चाटण, पेनएवढ्या पाकिटात. तिनं टोक फाडल्याचा आवाज आला असेल-नसेल, तोच टोपल्या रिकाम्या झाल्या. मघाशी ज्यांच्यात जीव आहे की नाही अशी शंका होती ती सगळी तिच्या गुडघ्यांवर. एक काळा बोका तर पाकीट दोन्ही पंजांनी धरून, डोळे मिटून चाटत होता. पाकीट संपलं. त्यानं ते रिकामं झाल्याची दोनदा खात्री केली, मुलीच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही आणि चालू लागला. गरज सरो, वैद्य मरो. मुलगी रडवेली झाली. आई म्हणाली, "त्यानं तुला काही वचन दिलं होतं का?"

मुलगा सोळाचा आहे. त्या वयाच्या मुलाला सहलीला नेणं म्हणजे त्याच्या पाठीचं दर्शन घेत फिरणं. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता, कुणाकडे न बघता, फोनही लॉकरमध्ये विसरून. थोड्या वेळानं एक करडी मांजरी फळीवरून उतरली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्याकडे पाठ करून बसली. दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत होती. त्याच्या जवळ जाऊन "किती छान ना!" म्हणायची मला तीव्र इच्छा झाली. पाटीकडे पाहून मी ती आवरली. बऱ्याच वेळानं तो आपणहून उठून माझ्या शेजारी आला आणि बारावीनंतर त्याला काय करावंसं वाटतं, काय नाही, हे सांगू लागला. ते त्याचं त्याच्यापाशी राहू दे. एवढंच सांगते की मी मध्ये बोलले नाही.

नवरा यादी हातात धरून मोठ्या उशीवर आडवा झाला होता आणि घोरत होता. मांजरांनी त्याला वळसे घातले, पण एकही त्याच्याकडे फिरकलं नाही. तिथल्या मुलीनं जाताजाता त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहून किंचित मान लववली आणि पुढे गेली. पाटीवर झोपलेलं मांजर म्हटलं होतं, पण नियम त्यालाही लागू झाला. यादीतलं म्युझियम बंद व्हायची वेळ तशीच निघून गेली.

बाहेर पडताना पैसे दहा-दहा मिनिटांच्या हिशेबानं चांगलेच झाले. आईनं सगळ्यांच्या गळ्यातली कार्डं गोळा करून स्वतः काउंटरवर दिली. नवऱ्याची वेळ तिनं खास वाचून घेतली.

"जावयांनी झोपेचेही मोजले," ती म्हणाली, आणि कॅफेनं दिलेलं शिक्क्यांचं कार्ड जपून पाकिटात ठेवलं. बहिणीनं विचारलं, "मावशी, पुन्हा जायचंय का? परवा सकाळी मी मोकळी आहे."

"जाऊ की," आई म्हणाली. "पण तू मला नुसती सोड आणि जा. तुम्ही सगळे फार बोलता."